बाबांची एफडी मोडायची का?

नमस्कार डॉक्टर,

माझे बाबा 71 वर्षांचे. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजवा हात थरथरतो, चालताना पाय घासतात, सही मुंगीएवढी झालीय. सिंडोपा दिवसातून तीनदा चालू आहे. सकाळची गोळी छान लागू पडते, संध्याकाळची पडतच नाही असं ते म्हणतात. ताकद यावी म्हणून आई ती गोळी दुधात प्रोटीन पावडर घालून त्यासोबत देते, तरी उपयोग नाही.

भावाने एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवलाय. तिथे 'न्यूरो ग्रोथ फॅक्टर थेरपी' देतात. सहा सलाइन आणि नाकात मारायचा एक्झोसोमचा स्प्रे. मेंदूच्या पेशी पुन्हा जाग्या होतात म्हणे. खर्च 2 लाख 80 हजार. महिनाअखेरीपर्यंत पैसे भरले तर 'बीडीएनएफ'ची रक्तचाचणी फुकट. बाबा एफडी मोडायला निघालेत. मला पटत नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडत नाही. मी कॉमर्सची. नेटवर बघितलं तर ग्रोथ फॅक्टर ही खरीच गोष्ट आहे, त्याला नोबेलसुद्धा मिळालंय. मग यात खोटं काय? आई म्हणते, 'तू पैशाकडे बघतेस.' आणि भावाने लायन्स मेन मशरूमच्या कॅप्सूलही आणून ठेवल्यात, त्या द्यायच्या का?

अनघा, सहकारनगर

अनघाताई,

एफडी मोडू नका. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण महिनाअखेर जवळ आलीय आणि माझं पत्र लांबणार आहे. आईंना सांगायला जे कारण हवंय, ते पुढे येईलच.

ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढवणारी आणि जगवणारी प्रथिनं, खरे आहेत. निव्वळ थाप असती तर तुम्ही ती केव्हाच ओळखली असती. ही अर्धी खरी गोष्ट आहे, आणि अर्धं खरं विकायला फार सोपं असतं. म्हणून खरा अर्धा भाग आधी नीट बघू.

तुम्ही वाचलेलं नोबेल 1986 चं. ते रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन या दोघांना मिळालं. रीटाबाई इटलीतल्या तूरिनच्या. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढलं, तर बाईंनी निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भांवर काम सुरू केलं. गर्भाच्या ज्या कोंबातून पुढे पाय किंवा पंख फुटतो तो काढून टाकला, की तिकडे जायला निघालेल्या चेतापेशी मरतात, हे त्या बघत होत्या. पेशी तयार होतात, तंतू फुटतो, वाढतो, आणि पोचायचं ठिकाणच उरलं नाही म्हटल्यावर मरून जातात. म्हणजे त्या ठिकाणाहून त्यांना काहीतरी मिळत असणार. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईसला तो पदार्थ हाती लागला. उंदराच्या लाळग्रंथीत तो भरपूर सापडला, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ.

याची कामाची पद्धत समजली की तुमच्या भावाचा व्हिडिओ आपोआप निकालात निघतो, म्हणून इथे थोडं थांबते. चेतापेशी जिथे पोचते तिथल्या पेशी हा फॅक्टर अगदी चिमूटभर स्रवतात. तंतूच्या टोकावर त्याला पकडणारा रिसेप्टर असतो. फॅक्टर त्याला चिकटला की दोघे मिळून आत ओढले जातात आणि तंतूच्या आतून उलटा प्रवास करत पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश पोचवतात. तिथे पेशीच्या आत्मनाशाची यंत्रणा दाबून ठेवणारी प्रथिनं तयार होऊ लागतात, ऊर्जेची व्यवस्था सुधारते, दुसऱ्या पेशींशी असलेले जोड टिकतात. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनतात आणि बऱ्याच भागांत निम्म्याच्या आसपास गळून जातात. ज्यांना वेळेवर फॅक्टर मिळाला त्या राहतात.

मोठेपणीही हे थांबत नाही. 1982 मध्ये बार्ड आणि थोएनेन यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून बीडीएनएफ वेगळा केला, हा एनजीएफचाच भाऊबंद. स्मरणासाठी पेशींमधले जे जोड पक्के व्हावे लागतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याचा पुरवठा आटला तर काय होतं ते हंटिंग्टनच्या आजारात, एका आनुवंशिक मेंदूविकारात, दिसतं. मेंदूच्या खोल भागातल्या पेशींना बीडीएनएफ वरच्या सालीकडून येतो, आणि त्या आजारात तो कमी तयार होतो, पोचतोही कमी. 1993 मध्ये असाच आणखी एक फॅक्टर, जीडीएनएफ, सापडला. हा तुमच्या बाबांच्या कामाचा, कारण पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या, डोपामाइन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशींनाच तो जगवतो. निदान प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींना आणि प्रयोगातल्या प्राण्यांना तरी. या फॅक्टरांनी आजार हटत नाही. तोच मार पेशी जास्त काळ सोसते, एवढंच. पण एवढंही थोडं नाही.

आता अडचण. हे सगळे फॅक्टर स्थानिक आहेत. जिथे स्रवतात तिथेच, थोड्या अंतरावर, थोडा वेळ काम करतात. कुंडीतल्या रोपाला पाणी त्याच्या आळ्यात घालावं लागतं, सोसायटीच्या गेटवर टँकर रिकामा करून तिसऱ्या मजल्यावरची तुळस जगत नाही. हातातल्या शिरेतून दिलेला ग्रोथ फॅक्टर म्हणजे हा टँकर. रक्तात तो काही मिनिटांत कमी होत जातो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट असतं की एवढं मोठं प्रथिन त्यातून नावापुरतंच पलीकडे जातं. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात.

हे काही मी पुण्यात बसून काढलेलं अनुमान नाही. 1990 च्या दशकात एएलएस या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात हजारावर रुग्णांना बीडीएनएफ कातडीखाली टोचून बघितला. फरक पडला नाही. अल्झायमर्सच्या मोजक्या रुग्णांना स्वीडनमध्ये एनजीएफ थेट मेंदूतल्या पोकळीत दिला, तर पाठ दुखायला लागली आणि वजन घटलं, कारण एनजीएफ वेदनेच्या तंतूंनाही तितकाच आवडतो. आणि जीडीएनएफ? 2019 मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी त्याचा निकाल छापला. एकूण 41 रुग्ण. कवटीला भोकं पाडून यंत्रमानवाच्या मदतीने प्रत्येकाच्या मेंदूत चार बारीक नळ्या नेमक्या जागी नेल्या, कानामागे हाडात एक झडप बसवली आणि तिच्यातून दर चार आठवड्यांनी औषध सोडलं. म्हणजे पाणी बरोबर आळ्यात. नऊ महिन्यांनी स्कॅनमध्ये त्या जागी सुधारणा दिसली. पण हालचालींच्या मोजमापात खरं औषध मिळालेले आणि नुसतं पाणी मिळालेले यांच्यात ठरवलेल्या निकषावर फरक निघाला नाही. सुधारले दोन्ही गट!

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा, कारण अशा व्हिडिओंत 'मला बरं वाटतंय' म्हणणाऱ्या रुग्णांचं रहस्य त्यात आहे. पार्किन्सन्समध्ये 'आपल्याला मोठं औषध मिळालं' या खात्रीनेच मेंदूत डोपामाइन सुटतं. 2001 मध्ये हे स्कॅनवर दाखवलं गेलंय. त्यामुळे 2 लाख 80 हजार भरून आलेला माणूस कॅमेऱ्यासमोर 'मला बरं वाटतंय' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच बरं वाटत असतं, काही आठवडे. बाबांनाही वाटेल. नंतर क्लिनिकवाले म्हणतील, 'आता बूस्टर डोस घ्या.'

एक कटू गोष्टही सांगायला हवी. निदानानंतर चारेक वर्षांत मेंदूतल्या पुटामेन नावाच्या भागातले डोपामाइनचे तंतू बहुतेक गेलेले असतात, असं मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये दिसलंय. फॅक्टर पकडणारी टोकंच उरली नसतील तर फॅक्टर कुणाला देणार? म्हणूनच आता जीन थेरपीने जीडीएनएफ देण्याच्या चाचण्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातही चालल्या आहेत. संशोधन मेलेलं नाही, ते ऑपरेशन थिएटरमध्ये आणि मोजून-मापून चाललंय. तंतू गेले असतील या विचाराने घाबरून जाऊ नका. सिंडोपा या तंतूंशिवायही काम करतं, वर्षानुवर्षं.

एक्झोसोमबद्दल थोडक्यात. पेशी ज्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात त्यांना एक्झोसोम म्हणतात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर चांगलं काम चालू आहे. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्येच जाहीर इशारा दिला की एकाही एक्झोसोम उत्पादनाला त्यांची मान्यता नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मूळपेशींविषयीच्या (स्टेम सेल, ज्यांच्यापासून असे एक्झोसोम बहुधा काढतात) मार्गदर्शक सूचना सांगतात, की रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य वापर सोडले तर मूळपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच द्यायच्या. आणि चाचणीत रुग्णाकडून प्रायोगिक औषधाचे पैसे घेत नाहीत. तेव्हा भावाने क्लिनिकला दोनच प्रश्न विचारावेत. सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागावं. केस गळतीसाठी जीएफसी नावाचं जे इंजेक्शन गल्लोगल्ली मिळतं, त्याच रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क कधी कधी 'न्यूरो'चं लेबल लावून येतो. डोक्याच्या कातडीत टोचायची वस्तू डोक्याच्या आत पोचेल असं समजू नका.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला क्लिनिकपेक्षा महत्त्वाची वाटली ती. प्रोटीन पावडर घातलेल्या दुधासोबत संध्याकाळची गोळी!

वरचा तो अडसर आठवा. डोपामाइनही तो ओलांडू शकत नाही. म्हणून सिंडोपात लेव्होडोपा असतं, ज्याचं मेंदूत गेल्यावर डोपामाइन होतं. ते एक अमिनो आम्ल आहे, आणि अमिनो आम्लांना आत नेणारे वाहक त्या अस्तरात असतात, आतड्यातही असतात. पण दूध, पावडर, पनीर, अंडी यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच वाहकांवर जातात. दुधाचा मोठा पेला आणि वर एक डाव पावडर एकदम आली की लेव्होडोपाला जागा मिळत नाही. सकाळची गोळी रिकाम्या पोटी जाते, लागू पडते. संध्याकाळची दुधात बुडते. आई प्रेमाने करतायत, पण त्या पेल्याने गोळी वाया जातेय अशी मला दाट शंका आहे.

संध्याकाळची गोळी साध्या पाण्यासोबत द्या, खाण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी. मळमळलं तर एखादं मारी बिस्किट किंवा अर्धी पोळी चालेल. दूध-पावडर बंद करू नका, बाबांच्या वयाला प्रथिनं हवीतच, फक्त ती गोळीपासून लांब, रात्रीच्या जेवणाकडे सरकवा. आठवडाभर एका वहीत लिहा. गोळी किती वाजता, हात केव्हा मोकळा झाला, केव्हा पुन्हा अडकला. ही वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. त्यांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तिच्यातून जास्त कळेल. वेळा बदलूनही संध्याकाळ तशीच राहिली तर डोस बदलायचा तो त्यांनीच. आणि क्लिनिकमधल्या कुणी 'आमची थेरपी चालू असताना सिंडोपा बंद ठेवा' म्हटलं तर तिथून सरळ उठून या. ही गोळी एकदम थांबवली तर अंग ताठून ताप चढून जीवावर बेतू शकतं.

ग्रोथ फॅक्टर वाढवायचेच असतील तर मार्ग आहे, आणि त्याला सलाइन लागत नाही. 1995 मध्ये कार्ल कॉटमन यांच्या गटाने दाखवलं की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ वाढतो. तिथल्या तिथे, जिथे हवा तिथे. माणसात थेट मेंदूत मोजणं अवघड. पण 2011 मध्ये 120 ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे 2 टक्के वाढला. नुसते ताणाचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा घटला. ज्यांचा तो भाग जास्त वाढला त्यांच्या रक्तातलं बीडीएनएफही जास्त वाढलेलं होतं. खास पार्किन्सन्सच्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये 130 जणांचा अभ्यास झाला, घरातल्या उभ्या सायकलवर, सहा महिने. सायकल मारणाऱ्यांचा हालचालींचा त्रास ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी वाढला. यात ग्रोथ फॅक्टरांचा वाटा किती, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण फायदा मोजलेला आहे, आणि तो एफडीच्या व्याजातही बसतो.

तुम्ही सहकारनगरला राहता, म्हणजे पर्वती आणि तळजाई दोन्ही हाताशी. पण बाबांचे पाय घासतात, तेव्हा पायऱ्या नकोत, तळजाईचे दगडगोट्यांचे रस्तेही नकोत. सपाट जागा बघा, सारसबाग सकाळी गर्दी व्हायच्या आत बरी. पुण्याची सायकलींचं शहर ही ओळख कधीच गेली, पण घरातली उभी सायकल बाबांना रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा सुरक्षित आहे. खाली पडायची भीती नाही, पावसाळ्यात खाडा नाही. सीट एवढी ठेवा की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. गोळी घेतल्यावर तासाभराने, हात मोकळा असताना बसवा. वेग असा की दोन वाक्यं बोलता येतील पण नाट्यगीत म्हणता येणार नाही. रमतगमत मारलेल्या सायकलीचा विशेष उपयोग नाही. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, मग वाढवा. त्याआधी एकदा हृदयाची तपासणी करून घ्या, आणि उठून उभं राहताना रक्तदाब उतरत नाही ना तेही बघा. पार्किन्सन्समध्ये तो उतरतो आणि चक्कर येते.

एकट्याने कंटाळा येतो, ते ठीकच आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदतगट अनेक वर्षं चालू आहे, तिथे बाबांना त्यांच्यासारखी बारीक सही करणारे चार जण भेटतील. आईंनाही घेऊन जा. 'तू पैशाकडे बघतेस' हे वाक्य त्या चिडून नाही, घाबरून बोलल्यात. त्यांना काहीतरी करायचंय. गोळीची वेळ आणि ती वही त्यांच्याकडे सोपवा, मग बघा.

फुकटची रक्तचाचणी करू नका. रक्तातलं बीडीएनएफ मुख्यतः प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं. लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठू दिलं तर आकडा जांभळ्या झाकणाच्या नळीपेक्षा कितीतरी पट जास्त येतो. बाबांच्या मेंदूत काय चाललंय हे त्यावरून कळत नाही. कमी आकडा दाखवून सलाइन विकायला मात्र ती उत्तम.

राहिल्या मशरूमच्या कॅप्सूल. लायन्स मेनमधल्या काही पदार्थांनी बशीतल्या पेशी जास्त एनजीएफ बनवतात, हे खरं. 2009 मध्ये जपानमध्ये विसरभोळेपणाची सुरुवात असलेल्या 30 जणांवर एक छोटा अभ्यास झाला, 16 आठवडे घेणाऱ्यांचे गुण वाढले आणि बंद केल्यावर पुन्हा उतरले. तो अभ्यास पार्किन्सन्सचा नव्हता. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील किंवा मशरूमची ॲलर्जी असेल तर हातही लावू नका. नाहीतर पुढच्या भेटीत बाटली न्यूरॉलॉजिस्टना दाखवून मग ठरवा. तोवर सील फोडू नका आणि भावाला पावती जपून ठेवायला सांगा, दुकानदार परत घेईलही.